केमो लागू पडतेय का? कॅन्सरच्या गाठीतून रक्तात येणाऱ्या डीएनएबद्दल सतत विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, लॅबमध्येही काम करत नाही. आईच्या आतड्याच्या कॅन्सरपायी दोन वर्षं हॉस्पिटलसाठी डोंबिवली-परळ केलं, तिची फाईल सांभाळली, रिपोर्ट घेऊन रांगेत उभी राहिले. तेव्हा जे कळलं, आणि पुढे विचारून-वाचून जे पक्कं करून घेतलं, ते आता शनिवारी परळच्या एका धर्मशाळेत बसून बाहेरगावहून आलेल्या पेशंटच्या घरच्यांना समजावून सांगते. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाचं लिहून काढतेय. औषध बदलायचं की नाही ते तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं एवढं तरी यातून मिळेल.

डॉक्टरांनी लिक्विड बायोप्सी लिहून दिलीय, परत सुई घालून तुकडा काढणार का?

नाही हो, हातातून रक्त घेतात, बस. बायोप्सी म्हटलं की माणूस दचकतोच. सोलापूरचे एक काका रात्रभर जागे होते, त्यांना वाटलं परत लिव्हरमध्ये सुई जाणार.

आपल्या अंगात रोज अब्जावधी पेशी मरत असतात आणि मरताना त्यांच्यातला डीएनए तुटून बारीक तुकड्यांनी रक्तात येतो, धडधाकट माणसातही येतो. हे तुकडे साधारण १६६ अक्षरांचे असतात (डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ समजा), कारण पेशीत डीएनए प्रोटीनच्या रिळांवर दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो, रिळावरचा दोरा शाबूत राहतो आणि दोन रिळांमधला कापला जातो. गाठीतल्या पेशीही अशाच मरतात, त्यांचाही डीएनए रक्तात येतो, फक्त त्याच्यावर गाठीची खूण असते, म्हणजे म्युटेशन, डीएनएच्या अक्षरांत झालेला बदल. ती खूण असलेले तुकडे शोधायचे आणि मोजायचे. रिपोर्टवर सीटीडीएनए लिहिलेलं असतं ते हेच.

रक्तात असा मोकळा डीएनए फिरतो हे फ्रान्समधल्या मँडेल आणि मेते यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. १९७७ मध्ये दिसलं की कॅन्सरच्या पेशंटमध्ये तो जास्त असतो आणि रेडिएशननंतर काहींचा उतरतो. मग एवढी वर्षं का लागली, तर गाठीचे तुकडे बाकीच्या डीएनएत पुष्कळदा हजारात एक, कधी त्याहून कमी असतात. संध्याकाळी सात वाजता दादरच्या पुलावर उभं राहून एकच माणूस ओळखायचा, आणि तोही फक्त शर्टाचं एक बटण वेगळं आहे एवढ्यावरून, असं ते काम आहे. तेवढी बारीक नजर असलेली मशिनं अलीकडे आली.

केमोशी याचा काय संबंध?

संबंध वेळेचा. हा डीएनए रक्तात फार टिकत नाही, पंधरा-वीस मिनिटांपासून दोन-अडीच तासांत निम्मा होतो, लिव्हर आणि किडनी तो साफ करत राहतात. म्हणजे आज नळीत जे सापडलं ते आजचंच आहे, महिन्यापूर्वीचं साठलेलं नाही. गाठ औषधाला दाद देत असेल तर पेशी कमी होतात आणि आकडा उतरतो, देत नसेल तर आकडा तिथेच राहतो नाहीतर चढतो. स्कॅनमध्ये गाठ लहान झालेली दिसायला मात्र दोन-तीन सायकल (केमोच्या फेऱ्या) जाव्या लागतात, म्हणजे दीड-दोन महिने. या दीड-दोन महिन्यांत घरच्यांचा जीव कसा टांगणीला लागतो ते ज्याने काढलेत त्यालाच माहीत, त्यात उलट्या, तोंड आलेलं, रक्तातल्या पेशींचा काउंट खाली, आणि मनात एकच, की एवढं सोसतेय ते कामी तरी येतंय का.

याचा एक जुना आणि महत्त्वाचा अभ्यास २०१३ चा आहे, ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या ३० बायकांचा. त्यातल्या २९ जणींच्या रक्तात गाठीचा डीएनए सापडला. सीए १५-३ हा नेहमीचा मार्कर (रक्तातलं कॅन्सरची चाहूल देणारं प्रोटीन) २७ जणींचा बघितला होता, तो २१ जणींमध्येच वाढलेला होता. आणि १९ जणींपैकी १० जणींमध्ये उपचाराला मिळालेला प्रतिसाद सगळ्यात आधी या डीएनएने दाखवला. अभ्यास छोटा होता, पण त्यानंतर या विषयाने जोर धरला.

सीईए, सीए १२५ तर आम्ही दर महिन्याला करतोच, मग हे कशाला?

हेही मार्करच. ते स्वस्त आहेत, ते करत राहा. पण ते गाठीचे एकटीचे नाहीत. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्याचाही थोडा चढा असतो, लिव्हरच्या दुखण्यातही वाढतो, आणि काही पेशंटमध्ये तर केमो लागू पडत असतानाच सुरुवातीला उसळी मारून मग खाली येतो. सीए १२५ पोटाच्या टीबीतही वाढतो. म्युटेशन मात्र गाठीचंच, त्याला एक अपवाद आहे तो पुढे सांगते. आणखी एक, काही पेशंटमध्ये मार्कर कधी वाढतच नाही, कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल, त्यांना तर धरायला काहीच नसतं.

मग पेट स्कॅन बंद करून चालेल का?

अजिबात नाही. गाठ कुठे आहे हे रक्त सांगत नाही. आकडा वाढला पण लिव्हरमध्ये वाढला की हाडात, ते स्कॅनशिवाय कोण सांगणार. औषध चाललंय की नाही याचा अधिकृत निकालही अजून स्कॅनवरच लागतो: ठरवलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्के उतरली तर गुण आला, २० टक्के वाढली तर आजार पुढे गेला.

स्कॅन जिथे गोंधळात टाकतो तिथे मात्र रक्ताची मदत होते. आपल्याकडे टीबी घरोघरी. छातीतली टीबीची जुनी गाठ पेटवर कॅन्सरसारखीच चमकते, आणि धर्मशाळेत मी दोन घरं अशी बघितलीत की चमकलेली गाठ बघून त्यांनी रडून घेतलं आणि नंतर तिथून तुकडा काढल्यावर टीबी निघाला. टीबीच्या गाठीतून कॅन्सरचं म्युटेशन येत नाही. म्हणून सीटीडीएनए शून्य आणि पेट चमकतोय असं झालं तर डॉक्टर थांबून विचार करतात, गरज वाटली तर तुकडा काढून बघतात. एकाच कागदावर विसंबून कोणी काही ठरवत नाही, ठरवूही नये.

बेसलाइन, बेसलाइन करतात ते काय, आणि तुम्ही त्याचा एवढा हट्ट का धरता?

बेसलाइन म्हणजे पहिली केमो चढण्याआधीचं रक्त. हट्ट धरते कारण आमच्याकडून ते राहिलं.

आईचा कॅन्सर आतड्यातून लिव्हरला गेलेला होता. केमो सुरू होण्याआधी डॉक्टर म्हणाले होते की हवं तर आत्ताच एक रक्त पाठवून ठेवा. मी हिशोब केला, म्हटलं आधी केमोचे पैसे उभे करू, टेस्ट नंतर बघू. फॉल्फॉक्स नावाची केमो सुरू झाली, दर पंधरा दिवसांनी, ४६ तासांचा पंप गळ्यात अडकवून घरी. त्या औषधाने थंड सोसत नाही, आई सकाळी पाण्याच्या स्टीलच्या पिंपाला हात लागला तरी झटक्यात मागे घ्यायची, बोटांना करंट बसल्यासारखं व्हायचं, म्हणून मी पदराने धरून तांब्या भरायला शिकवलं तिला. तिसऱ्या सायकलच्या आधी राहवेना म्हणून रक्त दिलं. रिपोर्ट आला १.८ टक्के.

आता १.८ म्हणजे चांगलं की वाईट? आधी १२ असेल तर औषध मस्त चाललंय. आधी ०.९ असेल तर आकडा दुप्पट झालाय, आजार वाढतोय. डॉक्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, एका ठिपक्यावरून रेघ कशी काढू. खोटा धीर दिला नाही त्यांनी, पण मला आजही तो आकडा आठवला की पोटात गोळा येतो. चौथ्या सायकलनंतरच्या स्कॅनमध्ये लिव्हरच्या गाठी वाढलेल्या निघाल्या. आधीचं रक्त असतं तर काही आठवडे आधी कळलं असतं आणि बोटांचा तो त्रास तेवढा कमी भोगावा लागला असता.

म्हणून सांगते, पुढच्या सगळ्या टेस्ट करायला पैसे नसतील तरी चालेल, पण ही टेस्ट करायचीच असा विचार असेल तर पहिली केमोच्या आधी करा. नाहीतर करूच नका, पैसे वाचवा.

रक्त द्यायला उपाशी जायचं का? कुठेही दिलं तर चालतं का?

सहसा उपाशी राहायची गरज नसते. कुठेही दिलं तर मात्र चालत नाही, कारण सगळं नळीवर आहे.

साध्या जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं तर काही तासांच्या आत ते मशिनमध्ये गरगर फिरवून वरचा पिवळा प्लाझ्मा वेगळा काढावा लागतो. नाही काढला तर नळीतल्या पांढऱ्या पेशी फुटायला लागतात आणि त्यांचा स्वतःचा डीएनए प्लाझ्मात उतरतो, गाठीचे मूठभर तुकडे त्यात बुडून जातात. त्यासाठी वेगळी नळी मिळते, तिच्यात पेशी शाबूत ठेवणारं औषध असतं आणि ती नळी साध्या खोलीच्या तापमानाला बरेच दिवस टिकते, काही कंपन्यांची १४ दिवसांपर्यंत. ती फ्रीजमध्ये ठेवायची नसते. बहुतेक वेळा १० मिलिच्या दोन नळ्या घेतात.

आमच्याकडे दुसऱ्या रक्ताला एका खासगी लॅबचा मुलगा आला आणि जांभळ्या नळीत घेऊन गेला, मला तेव्हा फरक माहीत नव्हता. जुलैचा पाऊस, परळजवळ हिंदमाताला कमरेएवढं पाणी, नळी रात्रभर कुठेतरी पडून राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. लॅबने ती परत पाठवायला हवी होती, त्यांनी तशीच मशिनला लावली. रिपोर्ट ०.३ टक्के. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, मावशीने देवीची ओटी भरली. डॉक्टरांना मात्र पटेना, सीईए चढत होता, त्यांनी योग्य नळीत परत घ्यायला लावलं आणि आकडा आला २.१. गाठ होती तिथेच होती, फक्त बाकीचा डीएनए वाढल्यामुळे टक्का लहान दिसला.

तेव्हा रक्त घेणाऱ्याला सरळ विचारा, नळी कोणती आहे आणि लॅबला कधी पोचणार. शुक्रवारी संध्याकाळी किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी देऊ नका. नळी भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची असते, जोरात हलवायची नाही. आणि दर वेळी एकाच लॅबला द्या, एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी जुळवता येत नाही.

एक लॅब म्हणते गाठीचा ब्लॉक लागेल, दुसरी म्हणते नुसतं रक्त चालेल. खरं कोण?

दोघंही. पहिली पद्धत अशी की तुमच्या बायोप्सीचा तुकडा ज्या मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो त्या ब्लॉकमधून आधी गाठीची म्युटेशन शोधून काढायची आणि मग रक्तात फक्त तीच शोधायची, कपडे मापाने शिवून घेतल्यासारखं. सुरुवातीला वेळ जास्त लागतो, काही आठवडेही लागू शकतात, पण अगदी थोडा डीएनएही हाती लागतो. दुसरीत तयार यादी असते, कॅन्सरमध्ये नेहमी सापडणारे जीन सगळ्यांचे बघायचे, ती लवकर होते पण फारच थोडा डीएनए असेल तर निसटतो. तिसरा, साधा प्रकार म्हणजे एकच म्युटेशन बघायचं. आईच्या गाठीत केआरएएस जीनमध्ये जी१२डी होतं हे बायोप्सीवरून माहीत होतं, तर तेवढंच मोजलं. आजार पसरलेला असेल आणि खूण माहीत असेल तर केमोवर नजर ठेवायला हा प्रकारही उपयोगी पडतो आणि त्यामानाने स्वस्त पडतो.

ब्लॉकबद्दल एक कळकळीची विनंती. तो ब्लॉक म्हणजे तुमची इस्टेट समजा. कोणाला दिला, कधी दिला, परत कधी येणार, लिहून घ्या, सही घ्या. गावच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालेलं असतं आणि ब्लॉक तिथेच राहिलेला असतो, मग माणूस परत सांगली-नांदेडला जातो तो आणायला. मुंबईला निघतानाच ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या.

रिपोर्टवरचा टक्का कसा वाचायचा?

समजा ०.५ टक्के लिहिलंय, म्हणजे रक्तात त्या जागेचे जेवढे डीएनएचे तुकडे मोजले त्यातल्या हजारात पाच तुकड्यांवर गाठीची खूण होती. कॅन्सर ०.५ टक्के उरलाय असा त्याचा अर्थ नाही, आणि तुमच्या शेजारच्या बेडवरच्या दादांचा ५ टक्के आहे म्हणून ते तुमच्या दहापट आजारी आहेत असंही नाही. स्वतःच्याच आधीच्या आकड्याशी तुलना करायची. १.० चं ०.९ झालं तर त्यात काही नाही, तेवढा फरक मोजण्यातच येतो. दहाचं एक झालं किंवा सापडेनासा झाला, तर ती बातमी.

पहिल्या केमोनंतर आकडा वाढला! औषध उलटलं का?

कधी घेतलं रक्त? केमो चढली की गाठीतल्या पेशी एकदम मरतात आणि त्यांचा डीएनए रक्तात सांडतो, त्यामुळे पहिले काही दिवस आकडा चढू शकतो, आणि ती चांगली खूणही असू शकते. म्हणून साधारणपणे पुढच्या सायकलच्या दिवशी, औषध लावायच्या आधी रक्त घेतात, तोवर धुरळा खाली बसलेला असतो. ऑपरेशननंतरही तसंच, जखम भरताना अंगाचा स्वतःचा डीएनए भरपूर सांडतो आणि गाठीचा त्यात लपतो, म्हणून बहुतेक ठिकाणी तीन-चार आठवडे थांबतात. ताप आहे, इन्फेक्शन आहे, तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच द्या.

रिपोर्टवर नॉट डिटेक्टेड आलंय. कॅन्सर गेला ना? केमो थांबवू का?

थांबवू नका. याच प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे घाई केली तर महाग पडतं.

नॉट डिटेक्टेड म्हणजे या नळीत सापडला नाही, एवढंच. हिशोब करून बघा. १० मिलि रक्तातून चार-पाच मिलि प्लाझ्मा निघतो, मिलिमागे पाच नॅनोग्रॅम डीएनए धरला तर वीस-पंचवीस नॅनोग्रॅम. एका नॅनोग्रॅममध्ये माणसाच्या सगळ्या डीएनएच्या साधारण ३०० प्रती मावतात. म्हणजे नळीत एकूण सहा-सात हजार प्रती. गाठीचा वाटा दहा हजारात एक असेल तर त्या नळीत तो तुकडा आलाच नाही असं सहज होऊ शकतं, मशीन कितीही भारी असो. मापाने शिवलेली टेस्ट एकाच वेळी बऱ्याच खुणा शोधते ती याच कारणाने, एक नाही तर दुसरी तरी हाती लागेल.

शिवाय सगळ्या गाठी सारख्या सांडत नाहीत. मेंदूतल्या गाठीचा डीएनए रक्तात फार कमी उतरतो, तिथे पाठीच्या कण्यातलं पाणी बघितलं तर जास्त सापडतो. पोटाच्या पडद्यावर पसरलेला आजार, किडनीचा कॅन्सर, हेही रक्तात कमी दिसतात. लिव्हरला पसरलेला आतड्याचा कॅन्सर मात्र बऱ्यापैकी सांडतो. म्हणूनही बेसलाइन हवी: सुरुवातीलाच काही सापडलं नसेल तर नंतरच्या शून्याला काय किंमत.

आकडा होता आणि आता शून्य झाला, तर ती नक्कीच आनंदाची गोष्ट आहे, आनंद करा. पण ठरलेल्या सायकल पूर्ण करा.

आणि वाढला, तर डॉक्टर लगेच औषध बदलतील ना?

नेहमी नाही. नातेवाईकांचा राग इथेच निघतो, की टेस्ट करायला लावली, आकडा वाढला, आणि तरी तेच सलाईन चालू.

एक गोष्ट माहीत असायला हवी. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, ब्रेस्ट कॅन्सर पसरलेल्या बायकांची. त्यात डीएनए नव्हता, रक्तात फिरणाऱ्या अख्ख्या कॅन्सरच्या पेशी मोजल्या होत्या, पण प्रश्न हाच होता. पहिल्या केमोनंतर पेशी कमी झाल्या नाहीत अशा १२३ जणींचे दोन गट पाडले, एका गटाला तीच केमो पुढे, दुसऱ्याची केमो लगेच बदलली. बदललेल्या गटाचं आयुष्य काही वाढलं नाही. औषध चालत नाहीये हे लवकर कळलं, पण हातात दुसरं जे औषध होतं ते त्याहून सरस नव्हतं.

मला ही गोष्ट कळायला फार उशीर झाला. म्हणून प्रत्येक घराला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारा: आकडा वाढला तर काय कराल, आणि उतरला तर काय कराल? दोन्हीचं उत्तर सारखंच आलं, तर टेस्ट आत्ता नको म्हणा, डॉक्टरांना राग येत नाही. "वाढला तर स्कॅन लवकर करू", "वाढला तर दुसरं औषध आहे", असं उत्तर आलं तर जरूर करा.

जिथे दुसरं औषध ठरलेलं असतं तिथे या टेस्टने खरंच काम केलंय. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर जीनमध्ये म्युटेशन असलेल्यांना केमोऐवजी गोळी देतात, जुन्या गोळ्यांना गाठ दाद देईनाशी झाली की पुष्कळदा टी७९०एम नावाचं नवं म्युटेशन उगवतं, ते रक्तात सापडलं की ओसिमर्टिनिब हे नवं औषध देता येतं. आता बऱ्याच जणांना ते पहिल्यापासूनच देतात ती गोष्ट वेगळी. ईजीएफआरसाठीची रक्ताची अशी पहिली टेस्ट अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झाली.

ऑपरेशन झालंय, सगळं काढलंय म्हणतात. आता केमो द्यायची की नाही हे रक्तावरून ठरतं का?

यावर सगळ्यात भक्कम उत्तर मोठ्या आतड्याच्या दुसऱ्या स्टेजच्या कॅन्सरचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ४५५ पेशंटच्या अभ्यासात, २०२२ मध्ये छापून आला, एका गटाची केमो नेहमीच्या पद्धतीने ठरवली आणि दुसऱ्याची ऑपरेशननंतरच्या सीटीडीएनएवरून. नेहमीच्या गटात २८ टक्के लोकांना केमो लागली, रक्तावरून ठरवलेल्या गटात १५ टक्के. आणि दोन वर्षांनी आजार परत न आलेले किती, तर ९२.४ आणि ९३.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. तेवढ्या लोकांची केमो वाचली, नुकसान न होता. हे दुसऱ्या स्टेजपुरतं आहे, तिसऱ्या स्टेजवाल्यांनी हे वाचून केमो नाकारू नये.

ब्लड कॅन्सरला हे चालतं का?

तिथे तर मोजूनच सगळं चालतं, कधीपासून. सीएमएल या ब्लड कॅन्सरवाल्यांना विचारा, दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल या त्या कॅन्सरच्या खुणेचा आकडा, तो ०.१ टक्क्याच्या खाली आला की डॉक्टर खूश. ते आरएनए (डीएनएवरून निघालेली नक्कल) मोजतात, पण विचार तोच. लहान मुलांच्या एएलएल या ब्लड कॅन्सरमध्ये एमआरडी, म्हणजे उपचारानंतर उरलेला बारीकसा आजार, बघून पुढची केमो किती कडक ते ठरवतात.

चुकून पॉझिटिव्ह येऊ शकतो का?

येऊ शकतो. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. वय वाढलं की रक्त तयार करणाऱ्या पेशींतही म्युटेशन साठतात, डीएनएमटी३ए, टीईटी२ अशा जीनमध्ये, कधी टीपी५३ मध्येही. साठी-सत्तरीत हे खूप कॉमन आहे आणि त्याचा गाठीशी काही संबंध नसतो. चांगली लॅब पांढऱ्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून तपासते आणि दोन्हीकडे सापडलं तर वगळते. तुमची लॅब ते करते का, एवढं विचारा. असं म्युटेशन असेल तर केमो दिली तरी ते सहसा उतरत नाही, आणि घरच्यांना वाटतं औषध चालतच नाही.

गाठीत म्युटेशन निघालं, मग मुलांना पण होणार?

गाठीतली बहुतेक म्युटेशन गाठीपुरतीच असतात, मुलांकडे जात नाहीत. काही थोडी जन्मापासून अंगात असतात, बीआरसीए सारखी, ती जाऊ शकतात. रक्ताच्या रिपोर्टवर बीआरसीएचा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास दिसला तर जेनेटिक काउन्सेलरला दाखवा, त्याची पक्की टेस्ट वेगळी असते.

खर्चाचं काय?

एका म्युटेशनची टेस्ट आणि मापाने शिवलेली टेस्ट यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ती एकदा करून भागत नाही. आधीच विचारा, एकूण किती वेळा लागेल आणि सगळी मिळून किती. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण ते ठरलेल्या पॅकेजवर चालतं, केमो बसते म्हणून ही टेस्टही बसेल असं धरून चालू नका, आरोग्यमित्राकडून (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) लिहिलेलं बघा. हॉस्पिटलच्या सोशल वर्क विभागात जा, लाजू नका, ती माणसं त्यासाठीच बसलेली असतात. चाचणीत किंवा अभ्यासात नाव घेत असतील तर टेस्ट फुकटही होते, तेही ओपीडीत विचारा.

गळ्यातलं मंगळसूत्र मोडून ही टेस्ट करू नका, हे मी हात जोडून सांगते. केमो, खाणं-पिणं, इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक, राहायची सोय, हे आधी. आणि येण्याजाण्याचं म्हणाल तर लोकलच्या अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटलाही बसता येतं, हॉस्पिटलची कागदपत्रं जवळ ठेवा. आईला हे कळेपर्यंत आम्ही दोन महिने लेडीज डब्यात उभ्याने गेलो.

आईला आकडा सांगायचा का? ती खचेल.

आमच्याकडेही सगळे म्हणाले सांगू नको. मी पहिले दोन रिपोर्ट लपवले. तिसऱ्या वेळी वाटेत गाडी थांबली होती तेव्हा आई म्हणाली, "तुझ्या तोंडावर वाचते मी सगळं, कागद दे." मग पुढचा प्रत्येक आकडा तिने स्वतः वहीत लिहिला, तारीख, सायकल नंबर, आकडा, शेजारी सीईए. औषध बदललं, तेव्हा २.१ चं ०.४ झालं, ते तिने लाल पेनाने लिहिलं. सात महिन्यांनी परत चढायला लागलं तेव्हा तिसरी केमो घ्यायची नाही हे तिनेच ठरवलं, आणि वही दाखवून डॉक्टरांशी तीच बोलली. शेवटचे तीन महिने ती घरी होती, दुखणं आटोक्यात ठेवायचं औषध चालू होतं, गौरी-गणपती झाले, मग गेली. कोणाला किती सांगायचं ते घरातल्यांनाच कळतं. पण विचारलं तर खरं सांगा.

रिपोर्ट पीडीएफ मोबाइलवर आलाय, अपॉइंटमेंट चार दिवसांनी आहे, तोपर्यंत काय करू?

पहिलं म्हणजे तो दहा ग्रुपवर टाकू नका. रक्त घेतल्याची तारीख बघा, रिपोर्टची नाही, आणि ते कितव्या सायकलच्या आधीचं होतं ते लिहून ठेवा. मागचे आकडे एका कागदावर ओळीने मांडा, लॅब तीच आहे ना बघा. ताप, धाप, पोट फुगणं, कावीळ असं काही असेल तर चार दिवस थांबू नका, आकडा काहीही असो, सरळ कॅज्युअल्टीला जा. नसेल तर त्या कागदाच्या मागे प्रश्न लिहा, तीनच लिहा, कारण ओपीडीत गर्दी असते आणि आत गेल्यावर सुचत नाही. प्रिंट काढून फाईलला लावा, मोबाइलची बॅटरी नेमकी नंबर लागल्यावर जाते. शनिवारी परळला असाल तर अकरानंतर धर्मशाळेच्या खालच्या खोलीत मी असते, फाईल घेऊन या, कागद लावायला बसू.